सहा तासांचे गाव

जहाजावरून एखाद्या गावी उतरणाऱ्या प्रवाशाला परतीची वेळ आधीच नेमून दिलेली असते. माँटेनेग्रो देशातील कोटोर या गावी आम्ही पतिपत्नी उतरलो, तेव्हा आमच्यापाशी सहा तास होते आणि माझ्या वहीत नऊ स्थळांची यादी होती. त्या यादीचे पुढे काय झाले, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

कोटोर हे एड्रिॲटिक समुद्राच्या वळणावळणाच्या उपसागराच्या टोकाशी, उभ्या डोंगराच्या पायथ्याला वसले आहे. १४२० ते १७९७ या काळात तेथे व्हेनिसची सत्ता होती. सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा तट गावाला वेढून डोंगरावर चढत जातो. १५५५ मध्ये बांधलेल्या सागरी दरवाजातून आत शिरताच १६०२ चा घड्याळाचा मनोरा समोर येतो. थोडे पुढे संत त्रिफोनचे कॅथेड्रल आहे; त्याचे पवित्रीकरण ११६६ मध्ये झाले. १५ एप्रिल १९७९ च्या भूकंपाने या गावाची मोठी हानी केली आणि त्याच वर्षी युनेस्कोने या परिसराचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. पडझड सावरून गाव पुन्हा उभे राहिले.

पहिल्या तासात यादीतील चार नावांवर खुणा झाल्या. मग एका अरुंद गल्लीत डोक्यावर वाळत घातलेले कपडे दिसले. मी लगबगीने कॅमेरा वर केला. खिडकीत एक वृद्ध स्त्री कपडे काढत होती. तिने माझ्याकडे पाहिले, हात आत घेतला आणि हिरवी झडप ओढून घेतली. ती रागावली नाही, काही बोललीही नाही. छायाचित्र मात्र सुरेख आले.

पुढे आम्ही किल्ल्याच्या पायऱ्या चढू लागलो. त्या सुमारे साडेतेराशे आहेत. प्लेगमधून वाचलेल्या लोकांनी बांधलेले एक छोटे चर्च वाटेत लागते. तेथे यजमानांच्या गुडघ्यांनी हार मानली आणि आम्ही कट्ट्यावर बसलो. खाली तांबड्या कौलांचे गाव होते आणि त्याला खेटून आमचे जहाज उभे होते. वरून ते गावाएवढेच मोठे भासत होते. येणाऱ्या जहाजांवर नजर ठेवण्यासाठी ज्यांनी हा तट बांधला, त्यांच्या गावातील दुकाने आज जहाजांचीच वाट पाहतात. त्या गर्दीत मीही होते.

तेव्हा मला माझी आई आठवली. माझे माहेर रेवदंड्याचे. तेथेही पोर्तुगीजांच्या जुन्या तटाच्या आत नारळी-सुपारीच्या वाड्या आहेत, घरे आहेत. सहलीला आलेली मंडळी आमच्या कुंपणापाशी थांबत आणि अंगणात सुपारी वाळत घालणाऱ्या आईचे फोटो काढत. ती पदर सावरून आत जाई आणि दार लावून घेई. मला त्याची लाज वाटे. ‘पाहुण्यांशी असे वागतात का?’ असे मी एकदा तिला फटकळपणे विचारलेही होते. ती म्हणाली होती, ‘पाहुणे आधी हाक मारतात.’ त्या उत्तराचा अर्थ मला त्या पायरीवर उमगला. तिला ते सांगायला ती आता नाही.

यादीतील पाच स्थळे राहून गेली. तुम्ही पुढेमागे प्रवासवर्णन लिहाल, तेव्हा सनावळ्या आणि वास्तूंची नावे अवश्य द्या. पण आपण कोणाच्या खिडकीखाली उभे होतो, तेही लिहा. गाव आपण पाहतो, तसे गावही आपल्याला पाहत असते.

परतताना आम्ही त्याच गल्लीतून आलो. दोरी रिकामी होती. खिडकी पुन्हा उघडलेली होती. मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि मान खाली घालून पुढे चालू लागले.