घर न बघता ठरलेली किंमत

एप्रिलमध्ये काउंटीची नोटीस आली की आमच्या प्लेनोतल्या गल्लीत दुसरा विषय नसतो. सरकारने घराची किंमत फार लावली म्हणून जो तो हरकत घ्यायला निघतो. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, पण त्याची कसर घरपट्टी भरून काढते. म्हणून तेव्हा आपलं घर किती जुनं, छप्पर गारांनी कसं झोडपलंय, हे आम्ही कळवळून सांगतो. विकायला काढलं की तेच घर राजवाडा होतं.

मुलं कॉलेजात गेल्यावर आम्हीही विकायचं ठरवलं आणि ह्यांना एका संकेतस्थळाचा नाद लागला. पत्ता टाकला की किंमत हजर: 5 लाख 62 हजार डॉलर. दुसऱ्या एका संकेतस्थळाने 5 लाख 18 हजार सांगितले. ह्यांचा विश्वास कुठल्यावर बसला, ते सांगायला नको.

आमची एजंट साठीपुढची, इथलीच. तिने आकडा ऐकून घेतला, आतल्या बेडरूमपाशी गेली आणि दार अर्धवट उघडून सोडून दिलं. दार सावकाश आपलं आपण मिटलं. ‘‘पायाचं काम कधी केलंत?’’ तिने विचारलं.

इथली माती काळी, चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ऑगस्टमध्ये लोक पायालाही पाणी घालतात. भिंतीलगत पाणी झिरपवणारी नळी अंथरलेली असते. आमच्या घराची एक बाजू खचली होती. खाली पियर, म्हणजे आधाराचे खांब, घालून ती उचलून घेतली, चौकटीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग बुजवली. विकताना हे खरेदीदाराला लेखी कळवावं लागतं. संगणकाच्या हिशेबात मात्र चौरस फूट, खोल्या, बांधकामाचं साल आणि आसपासचे व्यवहार. त्यातही टेक्ससमध्ये घर कितीला गेलं हे जाहीर करण्याची सक्ती नाही. खरे आकडे असतात ते एजंटांच्या आपसातल्या नोंदींमध्ये, म्हणजे एमएलएसमध्ये.

एजंटने तिथून अलीकडे विकलेली घरं काढली, हमरस्त्याला लागून असलेली वगळली आणि 5 लाख 20 हजार मागा म्हणाली. ह्यांचा चेहरा पडला. तरी तेवढ्यालाच जाहिरात लावली. आठवडाही झाला नसेल, संकेतस्थळावरचा आकडा घसरून 5 लाख 23 हजारांवर आला.

‘‘बघ, आता त्यालाही पटलं,’’ हे म्हणाले.

‘‘अहो, पटलं कसलं? आपण बोललो तेच तो बोलतोय.’’

मला यातली खरी गोम ही वाटते. या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव झिलो. विक्रीला लावलेल्या घरांच्या अंदाजात साधारण 2 टक्के चूक होते आणि न लावलेल्यांत 7 टक्क्यांच्या आसपास, असं तीच कंपनी सांगते. मालकाने किंमत सांगून टाकल्यावर अंदाज जवळ येणारच! शिवाय हे मधले आकडे. निम्म्या घरांची चूक याहून जास्त. झिलोचे तेव्हाचे प्रमुख स्पेन्सर रॅस्कॉफ यांनी 2016 मध्ये सिअ‍ॅटलमधलं आपलं घर साडेदहा लाख डॉलरला विकलं, तेव्हा त्यांच्याच कंपनीचा अंदाज साडेसतरा लाखांचा होता. पुढे कंपनी स्वतःच घरं विकत घेऊ लागली. भाव कुठे जातील हे नीट सांगता येईना, तेव्हा 2021 मध्ये तो उद्योग गुंडाळला आणि पाव नोकरवर्ग कमी केला.

आमचा सौदा 5 लाख 12 हजारांना ठरला. खरेदीदाराच्या बँकेने मूल्यांकन करणारा माणूस पाठवला. लेझरने खोल्या मोजल्या, छपराचे फोटो काढले. मी हौसेने बसवून घेतलेल्या क्वार्ट्‌झच्या ओट्यावरून त्याची नजर नुसती फिरली. पियरचे कागद मात्र जेवणाच्या टेबलावर पसरून त्याने पान न्‌ पान वाचलं आणि हमी नव्या मालकाच्या नावे होते ना, एवढंच विचारलं. होते म्हटल्यावर कागदांचे फोटो घेतले आणि निघाला. बँकेने 5 लाख 12 हजार मान्य केले.