अंगणाचा उतार

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण अंगण सपाटच आहे असे धरून चालते आणि नाचणाऱ्याला हसून मोकळी होते. अणुवीज केंद्रांच्या अपघातांपाशी मात्र ती अडखळते. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली, तेव्हा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने त्याच वर्षी मुख्य ठपका नियम मोडणाऱ्या कर्मचाऱ्यांवर ठेवला. १९९२ मध्ये त्याच गटाने भट्टीच्या रचनेकडे बोट दाखवले. नियंत्रक दांड्या, म्हणजे विखंडनाचा वेग आवरणाऱ्या कांड्या, आत सोडल्या की त्यांच्या टोकांकडील ग्रॅफाइटमुळे भट्टी थंडावण्याआधी क्षणभर भडकू शकत असे, आणि हे कर्मचाऱ्यांना कोणी नीट सांगितलेले नव्हते. १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात झडप उघडी अडकली असताना तिचा दिवा मात्र विझलेला, म्हणजे ती बंद असल्याचे सुचवणारा, होता. कारण तो झडपेची स्थिती नव्हे, तिला दिलेला आदेश दाखवी.

तेव्हा अंगण वाकडे होते, असे म्हणावे, तर कोकणपट्टीतले अंगण मुळात सपाट असते कुठे? पावसाचे पाणी जोत्याशी तुंबू नये म्हणून जमीन चोपतानाच तिला बाहेरच्या अंगाला किंचित उतार देतात, मग शेणाने सारवतात. म्हणजे जाणत्याने केलेले अंगण वाकडेच असायचे. उलट मिरा-भाईंदरच्या मिठागरात तुडवून घट्ट केलेला तळ सपाटच लागतो. वाकडेपणा कामावरून ठरतो, आणि भट्टीचे अंगणही कोणीतरी माणसानेच चोपलेले असते; त्यामुळे ‘रचनेतील दोष’ ही मानवी चूकच, फक्त ती मेजावर बसून, बरीच वर्षे आधी केलेली. असे मागे मागे जाऊ लागले की नाचणारा कोण आणि अंगण कोणते, हेच निसटते.

वसईच्या खाडीपलीकडे, पश्चिम रेल्वेच्या बोईसरजवळ, तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. भट्टीतच पाणी उकळून त्याच वाफेवर जनित्र फिरवणाऱ्या, म्हणजे फुकुशिमाच्याच कुळातल्या. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तिथे खरोखरीची अंगणे होती, बाहेरच्या अंगाला उतार ठेवलेली. ती कोणाच्याही नाचण्यामुळे गेली नाहीत, आणि त्यांना वाकडे म्हणायला आता तिथे कोणी उरलेलेही नाही.