अंगावर काढलेलं

आमच्या मेहकर तालुक्यात या गोष्टीला नाव नाही, नुसतं क्रियापद आहे. 'जाते'. "तिच्या अंगावरून जाते" एवढं म्हटलं की बायकांना कळतं. फारच झालं तर 'पांढरं' हा शब्द जोडतात. वासाबद्दल मात्र कुणी क्रियापदही वापरत नाही.

मला तो वास पहिल्यांदा आला 2022 मध्ये. मी पंचवीस वर्षांची होते. लॉकडाऊननंतर हिंजवडीतलं ऑफिस नुकतंच पुन्हा सुरू झालं होतं. वास माशांसारखा होता. आमच्या घरी मासे कधी शिजलेच नाहीत, त्यामुळे तो कशासारखा आहे हे कळायलाही मला थोडा वेळ लागला. पाळी संपली की जास्त यायचा. सोबत पातळ, राखाडीसर स्राव. खाज नाही, दुखणं नाही. फक्त वास.

मग मी तेच केलं जे आपण सगळ्या करतो. धुतलं. आधी पाण्याने, मग साबणाने, मग जाहिरातीतल्या गुलाबी बाटलीने, मग मैत्रिणीने सांगितलं म्हणून कडुनिंबाच्या पाण्याने, तेही आतपर्यंत. दोन तास बरं वाटायचं आणि संध्याकाळी वास दुप्पट व्हायचा. लॅपटॉपच्या बॅगेत चार्जरशेजारी जादा चड्डी आणि डिओ असायचा. मीटिंगरूममध्ये मी दाराजवळची खुर्ची धरायचे. कुणी नाक खाजवलं तरी वाटायचं, आलाच याला.

मेडिकलवाल्याने काही न विचारता एक गोळी दिली. फरक पडला नाही. मग एका डॉक्टरकडे गेले. पहिला प्रश्न, "लग्न झालंय?" नाही म्हटल्यावर, "मग आतून तपासायची गरज नाही." टेबलापलीकडूनच चिठ्ठी लिहिली गेली, त्यावर तीच बुरशीवरची गोळी. असं दोनदा झालं. आठ महिने गेले.

ऑफिसमध्ये मी जर सांगितलं असतं की सर्व्हर सारखा पडतोय, मी लॉग उघडून बघितले नाहीत, पण चार वेळा रीस्टार्ट केलाय, तर लीडने मला घरी पाठवलं असतं. माझ्या शरीराशी आठ महिने हेच चाललं होतं. आणि रीस्टार्ट करणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होते.

दुसऱ्या डॉक्टर भेटल्या त्या मैत्रिणीमुळे. त्यांनी मला एकटीला आत बोलावलं आणि विचारलं, "संबंध येतात का?" मी "हो" म्हटलं. वय लिहावं तसं त्यांनी ते लिहून घेतलं. मनातल्या मनात मी हा वास म्हणजे त्या 'हो'ची शिक्षा असं ठरवून टाकलं होतं, आणि समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती.

तपासणीला पाच मिनिटंही लागली नाहीत. स्पेक्युलम लावून बघितलं, कापसाच्या काडीवर स्राव घेतला, थोडा कागदाच्या पट्टीवर टेकवला, थोडा काचेवर. पट्टीचा रंग बदलला. त्या म्हणाल्या, "पीएच वाढलाय."

मला एकदम लोणार आठवलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळेतल्या पोरांची सहल दुसरीकडे कुठे जाणार? सरोवराच्या काठाला उग्र वास येत होता, आम्ही नाकाला रुमाल लावले होते, आणि सरांनी लाल लिटमस पाण्यात बुडवून निळा झालेला दाखवला होता. लोणारच्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास आहे. त्या खारट, अल्कधर्मी पाण्यात तेच सूक्ष्मजीव टिकतात ज्यांना ते मानवतं. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेही अशाच क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे.

योनीचं गणित उलटं आहे. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच साधारण 3.8 ते 4.5 च्या मध्ये ठेवतात. हे जिवाणू कमी झाले की आम्लता घटते आणि एरवी थोडेच असणारे दुसरे जिवाणू बेसुमार वाढतात. त्यांच्यातून अमाइन नावाची रसायनं तयार होतात, वास त्यांचा. रक्त आणि वीर्य दोन्ही अल्कधर्मी, म्हणून पाळीनंतर आणि संबंधानंतर वास वाढतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. अस्वच्छपणाशी त्याचा संबंध नाही. उलट आतून धुण्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात. आठ महिने मी माझ्याच बाजूचं सैन्य धुऊन काढत होते.

बुरशीची गोळी चालली नाही कारण मला बुरशी नव्हतीच. बुरशी असेल तर स्राव दह्यासारखा फुटक असतो, खाज आणि आग असते, वास फारसा नसतो. ट्रायकोमोनास असेल तर बऱ्याचदा पिवळसर-हिरवा, फेसाळ स्राव असतो. तो संबंधातून पसरतो आणि जोडीदारालाही औषध लागतं. तिन्हींचे उपचार एकसारखे नाहीत, आणि लक्षणं एकमेकांत मिसळतात. न बघता, नुसतं ऐकून ओळखणं अवघडच. आणि महिन्याभरात कमीजास्त होणारा, मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा, फारसा वास नसलेला स्राव हा आजारच नाही.

मला मेट्रोनिडाझोल मिळालं, सात दिवस, दिवसातून दोनदा. तोंडात आठवडाभर नाणं ठेवल्यासारखी चव होती. चौथ्या दिवशी वास गेला. मी बाथरूममध्ये बसून रडले.

गोष्ट इथे संपत नाही. चार महिन्यांनी तो परत आला, मग पुन्हा. निम्म्याहून जास्त जणींना वर्षभरात हे परत होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून या वेळी मी धुवायला धावले नाही, तपासायला गेले. मार्च 2025 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. एकनिष्ठ जोडप्यांत फक्त बाईला औषध दिलं तेव्हा बारा आठवड्यांत 63 टक्के जणींना त्रास परत झाला. पुरुषालाही सात दिवस गोळ्या आणि लावायचं मलम दिलं तेव्हा 35 टक्के. मी तो अभ्यास त्याला पाठवला. त्याने वाचला, आणि "कधी जायचं डॉक्टरकडे?" एवढंच विचारलं. त्यानंतर आजपर्यंत मी ठीक आहे. पुढचं माहीत नाही.

पण हे लिहायला बसले ते माझ्यासाठी नाही.

पहिल्या उपचारानंतर मी वाचत सुटले होते, आणि वाचता वाचता गडचिरोलीला पोचले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, एकेकीला सरासरी 3.6. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. त्या काळात जगभरात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बाकीचं तिने अंगावर काढायचं. आपल्या भाषेत हे दोन वाक्प्रचार किती जवळजवळ आहेत बघा: अंगावरून जाणं आणि अंगावर काढणं.

तो 8 चा आकडा वाचून मी आईला फोन केला. अशा विषयावरचा आमचा पहिला फोन.

"आई, तुह्या अंगावरून जाते का वं?"

"बाईच्या जातीले जातेच. त्यात काय सांगाचं?"

"कधीपासून?"

"तुह्या भावाच्या वेळंपासून."

भाऊ तेव्हा बावीस वर्षांचा होता. हाडं झिजून पांढरं जातं, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. तिने तांदळाचं धुवण प्यायलं, तुरटीच्या पाण्याने धुतलं, कंबरेला तेल लावलं. मी विचारलं, "वास येते?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणून तं मी कीर्तनात मांगं, दारापाशी बसतो."

माझी दाराजवळची खुर्ची मला तेव्हा दिसली.

तिची पाळी बंद होऊन वर्ष उलटलं होतं आणि तरी स्राव वाढला होता. पाळी थांबल्यावर असा स्राव किंवा रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, ताप, ओटीपोटात दुखणं, गरोदरपणात वास येणं यांत थांबायचं नसतं, एवढं मला आता माहीत होतं. त्या रात्री मी झोपले नाही. दिवाळीला गेले तेव्हा तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. ती वाटेत दोनदा "राहू दे" म्हणाली.

तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "याआधी तपासणी कधी झाली होती?" आई म्हणाली, "बाळंतपणात." "त्यानंतर?" आई माझ्याकडे बघायला लागली. तिसपासून पासष्ट वयापर्यंतच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सरकारी दवाखान्यात तपासणी होते. गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावून मिनिटभर थांबतात. पेशी बदललेल्या असतील तर पांढरा डाग उठतो. ते एक मिनिट मी पडद्याच्या अलीकडे उभी राहून मोजलं.

डाग उठला नाही. संसर्ग होता. एका हिरव्या पाकिटातून सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल मिळालं, एका दिवसाचा डोस, फुकट. दोन आठवड्यांनी परत दाखवायला सांगितलं. बाहेर येऊन आई लिंबाखालच्या बाकावर बसली, पाकीट उलटसुलट करून बघितलं.

"एवढंच व्हतं?"

"एवढंच."

ती बराच वेळ काही बोलली नाही. बावीस वर्षांचा हिशेब ती करत होती की मी, सांगता येणार नाही.

महिन्याभराने तिचा फोन आला. वास गेला का, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हणाली, "ते डॉक्टरीण बाई कोणत्या वारी राह्यते वं? शेजारच्या काकूले न्याचं हाय. तिच्याबी अंगावरून जाते."