सतीच्या काठावरून समुद्राकडे

नागपूरहून निघालेली गाडी ब्रह्मपुरी मागे टाकून वैनगंगेचा पूल ओलांडते आणि गडचिरोली जिल्हा सुरू होतो. पुलापलीकडे वडसा. कागदोपत्री याचे नाव देसाईगंज, पण बोलताना सगळे वडसाच म्हणतात. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचे हे माहेरघर. दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपली की इथल्या मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटके करतात. जिल्ह्याला रेल्वे भेटते तीही इथेच. पुढे कुरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, मध्ये एखादी बोडी आणि मग जंगल. तासाभरात सती नदी येते आणि काठावरचे कुरखेडा दिसू लागते.

आम्ही गेलो तेव्हा मोहफुलांचे दिवस सरत आले होते. अंगणाअंगणात फुले वाळत पडली होती आणि बायामाणसे तेंदूपत्त्याच्या हंगामाची बोलणी करीत होती. धान, मोह, तेंदूपत्ता आणि त्यानंतर रोजगारासाठी बाहेरगाव, असे इथल्या कष्टकरी कुटुंबाचे वर्ष जाते. जंगल माणसाला उपाशी ठेवत नाही, पण पोराला पदवीपर्यंत नेण्याइतके देतही नाही.

ज्या घरी आमचा मुक्काम होता तेथील मुलगा नुकताच बारावीच्या परीक्षेला बसला होता. जेवणे झाल्यावर त्याच्या वडिलांनी एक कागद पुढे केला. त्यावर मोठ्या जहाजाचे चित्र होते आणि खाली ‘खात्रीची नोकरी’ असे लिहिलेले होते. ते म्हणाले, “पोट्टा बोटीवर जातो म्हन्ते जी. एजंट पयसे भराले सांगते. बांधी गहाण ठेवू का नको, तुमीच सांगा.”

या प्रश्नाने आम्ही गप्प झालो. ज्या गावापासून मुंबईचा समुद्र हजार किलोमीटरच्या आसपास आहे, तेथील घरात समुद्राचा प्रश्न उभा राहिला होता, आणि त्याच्या उत्तरावर एका कुटुंबाची जमीन अवलंबून होती. “चौकशी केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका” एवढेच सांगून आम्ही निघालो. ती चौकशी आम्ही मुंबईत केली. कुरखेड्याच्या त्या घराप्रमाणेच इतर घरांनाही तिचा उपयोग व्हावा म्हणून ती येथे मांडत आहोत.

जहाजावर गेलेला पोरगा माणूस होऊन परततो, ही गोष्ट जगभर लोकांना आवडते. १९३७ साली ‘कॅप्टन्स करेजस’ नावाचा इंग्रजी चित्रपट आला होता. श्रीमंताचा लाडावलेला मुलगा समुद्रात पडतो, मासेमारी करणारे गलबत त्याला वाचवते आणि त्या गलबतावर घाम गाळता गाळता तो शहाणा होतो. नावाड्याची भूमिका करणाऱ्या स्पेन्सर ट्रेसीला त्यासाठी ऑस्कर मिळाले. चित्रपटातला मुलगा दोन तासांत मोठा होतो. खऱ्या जहाजावर त्याला कितीतरी महिने लागतात, आणि आपल्या पोरांच्या मागे श्रीमंत बापही नसतो.

मुंबईत मस्जिद बंदर भागात इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक तेथे आहे. त्या काळी जहाजावर माणूस घेताना परीक्षा नव्हती. सारंग सांगेल तो आत जाई. सारंग आपल्या गावाची, आपल्या नात्यातली माणसे आणी, आणि इतरांना चिरीमिरी दिल्याशिवाय जागा मिळत नसे. कामेही जन्मावरून वाटलेली असत. डेकवर कोकणातले मुसलमान खलाशी, खानपानाकडे गोव्याचे ख्रिस्ती, आणि संडास-मोऱ्या धुणारा ‘टोपास’ बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातीतला. गाव सोडून माणूस सातासमुद्रापार गेला, तरी जात त्याच्याबरोबर बोटीत चढत होती.

ही पद्धत परीक्षेने मोडत गेली. अधिकारी होऊ पाहणाऱ्या भारतीय मुलांसाठी १९२७ साली माझगावजवळच्या समुद्रात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले. १९७२ साली त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून हे शिक्षण नवी मुंबईत ‘चाणक्य’ संस्थेत जमिनीवर होऊ लागले. आज या संस्थेत शिरायचे तर सारंगाची ओळख चालत नाही. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची देशभर एकच प्रवेश परीक्षा असते आणि ती द्यावी लागते.

आता वाटा सांगतो. बारावीला भौतिक, रसायन, गणित हे विषय आणि चांगले गुण असतील, इंग्रजी पक्के असेल, तर डेक कॅडेटची वाट आहे. एक वर्षाच्या पदविकेनंतर १८ महिने जहाजावर उमेदवारी करावी लागते. तीन वर्षांची पदवी घेतली तर समुद्रावरची उमेदवारी १२ महिन्यांची. त्यानंतर सेकंड मेटची परीक्षा. एक वर्षाच्या पदविकेसाठी जहाज कंपनीचे प्रायोजकत्व लागते. ते मिळण्यासाठी कंपनी स्वतः मुलाची परीक्षा आणि मुलाखत घेते. दहावीनंतरची वाट ‘जी.पी. रेटिंग’ म्हणजे खलाशाची आहे. मान्यताप्राप्त संस्थेत ६ महिन्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. दोन्ही वाटांवर डोळे काटेकोर तपासतात. ज्याला लाल-हिरवा रंग ओळखता येत नाही त्याला डेकवर घेत नाहीत, कारण रात्री समोरच्या जहाजाची दिशा दिव्यांच्या रंगावरूनच कळते. तेव्हा पहिला खर्च डोळ्यांच्या तपासणीवर करावा, प्रवेश शुल्क त्यानंतर.

काम कसले असते? मालवाहू जहाजावर चार तास पहारा, आठ तास सुटी, पुन्हा चार तास पहारा, असे चक्र दिवसरात्र चालते. सुटीच्या आठ तासांतही बरीच कामे निघतात. नवा कॅडेट हातोडीने गंज ठोकून काढतो, रंग लावतो, टाक्यांतले पाणी मोजतो, रात्री अंधारात उभे राहून दिवे न्याहाळतो. बंदरात जहाज बांधताना ताणलेला दोरखंड तुटला तर माणूस जागच्या जागी मरतो, म्हणून उभे कुठे राहायचे हे तो आधी शिकतो. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद वहीत होते आणि अधिकारी त्यावर सही करतो. घरी आजारपण असो की लग्न, जहाज मागे फिरत नाही. २०२० च्या महामारीत जगभरातले सुमारे चार लाख नाविक मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. हे सारे पोराला आधी सांगावे. ऐकूनही जाईन म्हणाला, तर तो जाण्याजोगा आहे.

आता मुख्य गोष्ट, पैशांची. प्रशिक्षणाची फी असते आणि ती लाखांत जाऊ शकते. त्यासाठी शिष्यवृत्ती, बँकेचे शैक्षणिक कर्ज यांची चौकशी करावी. पण नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणे बेकायदा आहे. नाविकांच्या हक्कांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ साली स्वीकारला. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि ‘सी.डी.सी.’ हे नाविकाचे पुस्तक, एवढ्यांचाच खर्च नाविकाकडे येतो. भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो. भरती करणाऱ्या कंपनीकडे केंद्र सरकारचा परवाना लागतो. लोक ज्याला डी.जी. शिपिंग म्हणतात, त्या कार्यालयाच्या यादीत परवानाधारक कंपन्यांची आणि मान्य संस्थांची नावे असतात. यादीत नाव नसेल तर तो कागद चुलीत घालावा. एजंटाच्या हातून परदेशी गेलेली कित्येक मुले मोडक्या जहाजांवर पगाराविना सोडून दिली जातात. २०२४ साली जगात अशा वाऱ्यावर सोडलेल्या नाविकांत भारतीयच सर्वांत जास्त होते. सारंगाची चिरीमिरी गेली असे आपण म्हणतो, पण तीच आज रंगीत छापील कागदावरून आपल्या ओसरीवर आली आहे.

आणि मुलींचे काय? सतीचे पाणी वैनगंगेला मिळते, वैनगंगा प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. त्याच समुद्रात जून २०१५ मध्ये काकीनाड्याची ‘दुर्गम्मा’ ही मासेमारी नौका वादळात सापडली होती. तीत सात माणसे होती आणि त्यांतला सर्वांत लहान अवघा पंधरा वर्षांचा होता. ‘संपूर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाच्या कॅप्टन राधिका मेनन यांनी खवळलेल्या समुद्रात दोनदा अपयश येऊनही जहाज पुन्हा वळवले आणि तिसऱ्या प्रयत्नात सातही जणांना वर घेतले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना २०१६ साली मिळाला. कॅप्टनपदी पोचलेल्या बाईचे हे उदाहरण आपल्या मुलींना जरूर वाचून दाखवावे.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले ते बोटीनेच. तेव्हा ते बावीस वर्षांचे विद्यार्थी होते. १९१७ साली परतताना त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात बोटीसह बुडाली. पुस्तके गेली तरी विद्या गेली नाही. तिच्या बळावर त्यांनी पुढे काय केले, ते आपल्याला सांगायला नको.

वाचकहो, जंगलातल्या पोराने समुद्रावर जाऊ नये असे कोणीही म्हणू नये. बोडीत पोहायला शिकलेले, धानाच्या चिखलात दिवस दिवस उभे राहणारे पोर गंज काढण्याला आणि जागरणाला भिणार नाही. त्याला लागते ते गणित, इंग्रजी आणि खरी माहिती. विज्ञान घेणाऱ्या मुलांना परीक्षेच्या तारखा वेळेवर कळतील एवढी व्यवस्था गावातल्या शिकलेल्या मंडळींनी केली, तर एजंटाचे अर्धे दुकान बंद होईल. बांधी गहाण ठेवू नका. त्या पैशाची गरज लागलीच तर पोराच्या शिक्षणासाठी लागू द्या.