शून्यापासून निघणारी

वेव्ह फाइल अंगापिंडाने दांडगी आणि स्वभावाने सरळ. गाणं रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तिचा वावर असतो, पण कौतुक होतं ते इतरांचं: नव्या माइकचं, प्रोग्रामचं, आवाजावर चढवलेल्या रिव्हर्बचं. ती फोल्डरात पडून असते आणि बोलावलं की जशी ठेवली तशी उभी राहते. १९९१ साली मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी मिळून तिला घडवलं. तेव्हापासून किती संगणक आले आणि भंगारात गेले, हिचा साचा तोच राहिला. क्यूबेस, प्रो टूल्स, लॉजिक, रीपर, एबल्टन, यांतला रेकॉर्डिंगचा कुठलाही प्रोग्राम उघडा, तो तिला दारातूनच ओळखतो.

हे प्रोग्राम एकमेकांना मात्र ओळख देत नाहीत. माळव्यातल्या देवासच्या माणसाला ही तऱ्हा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १७२८ मध्ये तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोघा भावांनी इथं राज्य मांडलं आणि पुढे थोरली पाती, धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदली. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एकाचा अंमल, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. पाण्याची व्यवस्था वेगळी, दिवाबत्ती वेगळी. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामांच्या पात्या अजून शाबूत आहेत आणि त्यांच्यामधल्या रस्त्यावरून बिनधास्त ये-जा करते ती ही एकटी.

आमच्या घरचंच उदाहरण देतो. माझी पुतणी देवासला निर्गुणी भजनं रेकॉर्ड करते, क्यूबेसवर. तबला वाजवणारे काका धारला राहतात. धारमध्ये स्टुडिओ म्हटलं की जुन्या माणसांना अजून शिल्पकार रघुनाथराव फडक्यांचाच स्टुडिओ आठवतो; काकांचा स्टुडिओ म्हणजे घरातली मागची खोली, दोन माइक आणि रीपर. शेवटचं मिक्स इंदूरला प्रो टूल्सवर होतं. पुतणीने पहिल्यांदा फोन केला, "काका, प्रोजेक्ट पाठवते." काका म्हणाले, "प्रोजेक्ट नको गं बाळा, वेव्ह पाठव. ड्राय पाठव. आणि सगळ्या शून्यापासून काढ."

काकांच्या या तीन वाक्यांत वेव्ह फाइलचं सगळं चरित्र आलं.

प्रोजेक्ट नको, कारण प्रोजेक्ट फाइलमध्ये सहसा गाणं नसतंच. तिच्यात असतात सूचना: अमुक आवाज अमुक फोल्डरातून उचल, इथं काप, इथं हळूहळू मिटव, या ट्रॅकवर हा प्लगइन लाव, एवढा आवाज ठेव. त्या सूचना ज्याच्या त्याच्या बोलीत लिहिलेल्या. दुसऱ्या प्रोग्रामला त्या वाचताच येत नाहीत. प्रोग्राम तोच असला तरी समोरच्याकडे प्लगइन नसतो, किंवा मूळ आवाजांचं फोल्डर बरोबर द्यायचं राहून जातं, आणि पडद्यावर नुसत्या रिकाम्या पट्ट्या दिसतात.

वेव्ह फाइल सूचना देत नाही, आवाजच घेऊन येते. तिच्या साध्या रूपात सुरुवातीचे ४४ बाइट ओळखीचे: मी कोण, माझ्यात किती चॅनेल, सेकंदाला किती नमुने, प्रत्येक नमुना किती बिटांचा. एवढं सांगून झालं की पुढे नुसते आकडे. ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ४८,००० आकडे, आणि २४ बिट असतील तर प्रत्येक आकड्याला १ कोटी ६७ लाखांहून जास्त पायऱ्यांतली एक पायरी. एका चॅनेलच्या मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जागा लागते. एमपीथ्रीसारखं काही गाळून अंग चोरणं तिला जमत नाही. गळ्यातली खरखर, पेटीच्या भात्याचा श्वास, पंख्याची घरघर, सगळं ती मोजून ठेवते.

ड्राय, म्हणजे कोरी पाठव, कारण तिच्यात जे मुरलं ते पुन्हा जसंच्या तसं वेगळं होत नाही. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवून काढलेल्या आवाजातून इंदूरच्या माणसाला नुसता गळा जसाच्या तसा बाहेर काढता येत नाही. म्हणून जाणते लोक प्रत्येक ट्रॅकची कोरी वेव्ह पाठवतात आणि आपल्या मनातला परिणाम कळावा म्हणून सजवलेलं एक कच्चं मिक्स सोबत जोडतात.

आणि शून्यापासून. हा तिचा सगळ्यात मोठा गुण. पुतणीच्या एका भजनात आधी तालाविना आलाप आहे. जवळजवळ दोन मिनिटं तबल्याला कामच नाही. तरी काकांची तबल्याची फाइल आलापाच्या पहिल्या क्षणापासून सुरू होते. ती दोन मिनिटं तिच्यात शून्यं भरलेली असतात, सतरा एमबीची शांतता. नवख्याला वाटतं, ही कशाला वाहून न्यायची? ठेक्यापासून कापून पाठवली तर फाइल हलकी होईल. पण मग इंदूरच्या माणसाने ती नेमकी कुठं ठेवायची? ठेका पन्नास मिलिसेकंदांनी, म्हणजे २,४०० नमुन्यांनी जरी सरकला, तरी सम गळ्याशी जुळत नाही आणि भजन ढिलं पडतं. सगळ्या फाइली एकाच शून्यापासून निघाल्या असतील तर त्या कुठल्याही प्रोग्रामात ओळीने शून्यावर ठेवायच्या, की सम जिथली तिथं.

क्लिकवर, म्हणजे यंत्राच्या ठरलेल्या ठोक्यांवर, बांधलेल्या गाण्यांना आणखी एक आधार असतो. १९८८ पासून चालत आलेली मिडी फाइल टेंपो बरोबर नेते आणि पलीकडच्या प्रोग्रामात मात्रांच्या रेघा पुन्हा आखून मिळतात. आमच्या भजनात क्लिक नसतो. लय गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर थोडी पुढे-मागे होते, व्हायलाच हवी. अशा गाण्याला सगळ्यांना समान असं एकच ठिकाण उरतं, ते म्हणजे सुरुवातीचं शून्य.

तिला जपावंही लागतं. सीडीच्या परंपरेत सेकंदाला ४४,१०० नमुने, चित्रपट आणि व्हिडिओच्या कामात ४८,०००. ४४,१०० वर काढलेली फाइल ४८,००० च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता वाजली, तर लय चढते आणि सूरही जवळजवळ दीड पट्टीने वर जातो. काळी एकचा सा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये जाऊन बसतो. फाइलने आपला दर पहिल्या ४४ बाइटांतच सांगितलेला असतो. तो वाचायचं काम आपलं.

आपला सा कुठला, हे मात्र ती सांगत नाही. त्यासाठी तानपुऱ्याचा ट्रॅक बरोबर द्यायचा. ज्या गावात १९४८ पासून कुमार गंधर्व राहिले आणि तानपुरा मिळवणं हेच अर्धं गाणं मानलं गेलं, तिथं याचं कारण विचारत नाहीत. गाणारीचा सा कुठल्याही प्रमाण पट्टीपेक्षा किंचित वर-खाली असू शकतो. धारच्या खोलीत काका आधी तो तानपुरा कानात घेतात, हातोडीने तबला त्याला मिळवतात आणि मगच रेकॉर्डचं बटण दाबतात.

पात्यांमधली भिंत पाडायचे प्रयत्न चालू आहेत. चित्रपटवाल्यांसाठी ॲव्हिडच्या ओएमएफने आणि नंतर एएएफने काप आणि आवाजाच्या पातळ्या पलीकडे न्यायची सोय केली. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस यांनी डॉप्रोजेक्ट नावाचा खुला नमुना आणला. तो ट्रॅक, टेंपो, फेडर, प्लगइनची मांडणी असं बरंच काही एका गाठोड्यात नेतो आणि पुढे क्यूबेसनेही तो स्वीकारला. हे फार चांगलं झालं. रात्र-रात्र बसून केलेली मांडणी पलीकडे पुन्हा करायची वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तरी त्या गाठोड्याच्या आतही आवाज म्हणून बहुधा हीच बसलेली असते.

जगभरच्या ध्वनिसंग्रहांच्या संघटनेने जतनासाठी शिफारस केली तीही हिच्याच कुळातल्या ब्रॉडकास्ट वेव्हची, किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. युरोपच्या प्रसारकांनी घडवलेल्या या बहिणीच्या ओळखपत्रात तारीख, वेळ आणि चार शब्दांचं वर्णनही मावतं. कारण उघड आहे. प्रोग्राम विकले जातात, बंद पडतात, त्यांच्या जुन्या प्रोजेक्ट फाइली उघडणारं कुणी उरत नाही. देवासचे गवई रजबअली खाँ १९५९ साली गेले. त्यांचा आवाज आज जेवढा कानावर पडतो, तेवढा कुणीतरी तो सांभाळला म्हणून. आज माळव्यात घरोघरी जे गाणं रेकॉर्ड होतंय, त्याचंही पुढे हेच होणार आहे, फक्त सांभाळणारे आपण आहोत.

म्हणून मिक्स हातात आलं की काम संपलं असं मी मानत नाही. प्रत्येक ट्रॅकची शून्यापासून निघालेली कोरी वेव्ह एका फोल्डरात काढावी. सोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवावी: सा कुठला, ताल कुठला, नमुन्यांचा दर किती, कोण गायलं, कोणी वाजवलं. त्या फोल्डराच्या दोन प्रती कराव्यात, एक देवासला, एक धारला. तेव्हाच म्हणावं, भजन पुरं झालं.