जिथे जुन्या मोटारसायकलींची नाडी पाहिली जाते

बंगळूरला जाणारा मराठी प्रवासी लालबाग पाहतो, कब्बन पार्कमध्ये फिरतो, विधानसौधापुढे छायाचित्र काढतो आणि साड्यांच्या खरेदीसाठी कमर्शियल स्ट्रीटवर येतो. या कमर्शियल स्ट्रीटला लागूनच शिवाजीनगर आहे. नाव ऐकून मराठी माणसाला पुण्याची आठवण होते. पण रिक्षा वळली, की समोर दिसते ती बसस्थानकाची गर्दी, सेंट मेरी बॅसिलिकाचा उंच मनोरा, रसेल मार्केटची कमान आणि त्यांच्या मागे पसरलेल्या, ग्रीसने काळ्या झालेल्या गल्ल्या. या गल्ल्यांत स्त्रिया सहसा खरेदीला येत नाहीत. पुरुष येतात, आणि बहुतेकांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एखादा लोखंडी तुकडा असतो.

हीच शिवाजीनगरची गुजरी. कोल्हापूरकरांना हा शब्द ऐकून हसू येईल, कारण त्यांची गुजरी म्हणजे अंबाबाईच्या देवळाजवळची सोन्याचांदीची पेठ. बंगळूरच्या कानडीत मात्र गुजरी म्हणजे भंगार, मोडीत निघालेल्या वस्तूंचा बाजार. नव्या सुट्या भागांसाठी शहरात जे. सी. रोड आहे. जे तिथे मिळत नाही आणि आता कोणताही कारखाना बनवत नाही, ते शोधायला माणसे ओल्ड पुअर हाऊस रोडच्या आसपासच्या या बोळांत शिरतात.

छावणीची बाजारपेठ

टिपू सुलतानाच्या पाडावानंतर इंग्रजांनी श्रीरंगपट्टणची आपली फौज हळूहळू बंगळूरला हलवली आणि 1809 मध्ये येथे लष्करी छावणी वसवली. शिवाजीनगर ही त्या छावणीची बाजारपेठ. तेव्हा तिचे नाव ब्लॅकपल्ली असे होते. फौजेबरोबर तमिळ, दख्खनी मुसलमान, कच्छी व्यापारी असे अनेक लोक येऊन वसले. 1882 मध्ये सेंट मेरी चर्च उभे राहिले आणि 1974 मध्ये त्याला बॅसिलिकाचा मान मिळाला. रसेल मार्केट 1927 सालचे. फेब्रुवारी 2012 मध्ये आगीने त्याचे मोठे नुकसान झाले, पण बाजार पुन्हा उभा राहिला.

वस्तीला पुढे छत्रपतींचे नाव मिळाले. या शहराशी भोसल्यांचे नाते जुने आहे. 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि बालशिवाजींचे काही दिवस येथे गेले. आजच्या शिवाजीनगरात मराठी फारसे कानांवर पडत नाही. तरीही दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, ‘‘नक्को साब, वो नक्को लेव,’’ तेव्हा दख्खनीत जाऊन बसलेला आपलाच ‘नको’ ऐकू येतो आणि परकेपणा थोडा कमी होतो.

म्हैसूरची येझदी

गुजरीत सर्व तऱ्हेच्या गाड्यांचे भाग मिळतात. पण दुरून आलेला माणूस बहुधा जावा किंवा येझदीसाठी आलेला असतो. मुंबईचे रुस्तुम इराणी आणि फारुख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या सहकार्याने म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला. 1961 च्या सुमारास तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. 1970 च्या दशकात त्यांचे नाव येझदी झाले, 1978 मध्ये रोडकिंग आली. अडीचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर आणि गिअरचा व किकचा दांडा एकच. हा दांडा आत दाबून वर फिरवला, की गिअरची किक होते! नवख्याला ही युक्ती सापडेपर्यंत गाडी सुरू करता येत नसे.

1985 मध्ये हीरो होंडाची लहान, कमी पेट्रोल पिणारी गाडी आली. 1996 मध्ये धुरासंबंधीचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी म्हैसूरचा कारखाना बंद पडला. जावा हे नाव 2018 मध्ये आणि येझदी 2022 मध्ये बाजारात परत आले, पण या नव्या गाड्यांची इंजिने फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचा एकही भाग जुन्या गाडीला बसत नाही. म्हणजे 1996 नंतर गुजरीत आलेला प्रत्येक अस्सल भाग एक तर कुणाच्या गोदामात पडून राहिलेला असतो, किंवा कुठल्या तरी येझदीचे तुकडे करून काढलेला असतो. एका घरच्या वडिलांची गाडी मोडीत निघते, तेव्हा दुसऱ्या घरच्या वडिलांची गाडी आणखी पाच वर्षे चालते. हा साठा वाढणारा नाही. म्हणूनच येथे चुकीचा भाग विकत घेणे म्हणजे केवळ पैसे वाया घालवणे नव्हे.

आणि चुका भरपूर होतात.

‘‘क्या होना साब?’’

समजा, बेळगावहून एक गृहस्थ आले आहेत. वडिलांची येझदी त्यांनी हौसेने रंगवून, टाकीला क्रोम करून घेतली आहे. गाडी सकाळी पहिल्या दुसऱ्या किकला सुरू होते, पंधरावीस मिनिटे झकास चालते आणि मग भर रस्त्यात बंद पडते. कितीही किका मारा, सुरू होत नाही. अर्ध्या तासाने, जणू काही झालेच नाही अशी पुन्हा चालू! घरचे म्हणतात, विकून टाका एकदाची. गावच्या मेकॅनिकने सांगितले, कॉइल गेली. कॉइल बदलली, उपयोग झाला नाही. मग कार्ब्युरेटर बदलला. आता ते पिस्टन आणि ब्लॉकच्या शोधात आहेत.

‘‘क्या होना साब?’’ गल्लीतला म्हातारा विचारतो.

‘‘ब्लॉक-पिस्टन हवा, उस्ताद.’’

‘‘गाडी गरम होके बंद पडती?’’

‘‘हो.’’

‘‘टाकी का ढक्कन खोल के देखे क्या?’’

या प्रश्नाचे मोल ब्लॉकपेक्षा जास्त आहे. टाकीतले पेट्रोल जसजसे खाली जाते, तसतशी त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईच्या अग्राएवढे छिद्र असते. रंग, क्रोम किंवा गंज यांमुळे ते बुजले, की टाकीत पोकळी निर्माण होते, पेट्रोलची धार बारीक होत थांबते आणि इंजिन उपाशी पडते. थोडा वेळ थांबले, की हवा कुठून तरी झिरपते आणि गाडी पुन्हा सुरू होते. लोकांना वाटते, गाडी ‘थंड’ झाली म्हणून चालली. खात्री करणे अगदी सोपे आहे. गाडी बंद पडताक्षणी झाकण उघडायचे. ‘सुस्स’ आवाज आला आणि दोन मिनिटांत गाडी चालू झाली, तर दोष सापडला. खर्च एका टाचणीचा.

जुने कारागीर एक क्रम पाळतात: आधी पेट्रोल, मग ठिणगी आणि शेवटी इंजिनाचा दम. पुष्कळ तरुण मेकॅनिक हाच क्रम उलटा करतात. इंजिन खोलण्याची मजुरी जास्त असते हे त्याचे एक कारण असावे.

पेट्रोलची परीक्षा घ्यायची तर कार्ब्युरेटरला जोडलेली नळी काढून बाटलीत धरावी आणि नळ उघडावा. अखंड धार हवी. ती थेंबाथेंबाने येत असेल तर झाकण, नळाची जाळी आणि टाकीच्या तळाचा गंज पाहावा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज लवकर धरतो आणि जुनी रबरे फुगतात. महिन्यातून एकदाच बाहेर काढायची गाडी असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवू नये.

पेट्रोल ठीक असेल तर प्लग काढावा. येथे एक स्थानिक गंमत आहे. देशभरच्या गाड्यांत पिढ्यान् पिढ्या वापरला गेलेला ‘मायको’ प्लग याच शहरातला. 1951 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा कारखाना बंगळूरच्या आडुगोडीत होता. 2008 मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, पण गुजरीत आजही ‘मायको’च म्हणतात. प्लग टोपीत बसवून त्याची कड इंजिनाच्या पात्यांना टेकवायची आणि किक मारायची. मात्र प्लगच्या उघड्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून तो दूर धरावा, नाही तर भडका उडेल. निळी, कडक ठिणगी पडली तर चांगले. पिवळी, मरतुकडी पडली तर दोष विजेच्या बाजूला. टू-स्ट्रोक इंजिनात कधी कधी कार्बनचा केसाएवढा धागा प्लगच्या दोन टोकांमध्ये पूल बांधतो आणि ठिणगीच पडत नाही. तो कागदाने पुसला, की काम झाले.

ठिणगी थंडपणी उत्तम आणि गरमपणी गायब, अशी तक्रार असेल तर संशय कंडेन्सरवर किंवा कॉइलवर घ्यावा. येझदीचा कंडेन्सर उजव्या झाकणाखाली, पॉइंटजवळच, इंजिनाच्या उष्णतेत बसलेला असतो. तो कमजोर झाला, की पॉइंटवर ठिणग्या उडतात आणि पॉइंट काळे पडतात. पॉइंटमधील फट साधारण 0.4 मिलिमीटर हवी. कंडेन्सरची परीक्षा गाडी गरम असतानाच घ्यावी, थंड गाडीवर तो निर्दोष सुटतो. जुन्या सहा व्होल्टच्या जावाचा आणखी एक रोग आहे. डायनामो चार्ज करत नसेल तर गाडी बॅटरीवर चालत राहते आणि बॅटरी संपली, की थांबते, रात्री दिवा लावल्यावर तर लवकरच. चालत्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा विझत नसेल तर कॉइलला दोष देऊ नये.

या दोन्ही परीक्षांत गाडी पास झाली, तरच दमाकडे वळावे. टू-स्ट्रोकचे इंजिन खालच्या पेटीतूनही श्वास घेते, म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील हवाबंद असावी लागतात. क्लचच्या बाजूचे सील फाटले तर इंजिन तेल ओढते आणि पांढऱ्या धुराने गल्ली भरते. दुसऱ्या बाजूचे फाटले तर जास्तीची हवा आत शिरते, इंजिन तापते आणि पिस्टन जॅम होतो. पेट्रोलमध्ये तेल कमी पडले तरी तेच. लिटरमागे 30 ते 40 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालावे. गाडी बंद पडल्यावर किकचा दांडाच हलत नसेल तर जोर लावू नये. तासभर सावलीत थांबावे आणि गाडी टेम्पोत घालून घरी न्यावी.

गुजरीत खरेदी करताना

जुना भाग सोबत नेल्याशिवाय येथे जाण्यात अर्थ नाही. जावा, येझदी, रोडकिंग यांचे भाग दिसायला भाऊभाऊ आणि मापाला वेगळे असतात. जावा अडीचशेच्या सिलिंडरचे मूळ माप 65 मिलिमीटर. बोअर किती वेळा वाढवले आहे हे मोजल्याविना पिस्टन घेऊ नये. ‘‘डब्बा पॅक माल, साब, कंपनी का’’ असे म्हणून कोणी तीस वर्षांपूर्वीचे पुठ्ठ्याचे खोके पुढे केले, तर धातूच्या भागांबाबत जरूर खूश व्हावे. रबराची सील आणि कंडेन्सर मात्र खोक्यात पडूनही म्हातारे होतात. ते नव्या बनावटीचेच घ्यावेत. अस्सलपणाच्या हट्टापायी सुकलेले सील बसवणारा हौशी माणूस स्वतःच ब्लॉक बिघडवतो.

अख्खे इंजिन स्वस्तात मिळते म्हणून उचलू नये. नोंदणीपुस्तकातला इंजिनचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला नाही, तर नूतनीकरणाच्या वेळी आरटीओत अडचण येते, आणि इंजिन चोरीचे निघाले तर पोलीस चौकीत. आधीच्या मालकाची कागदपत्रे न दाखवणाऱ्या दुकानातून फक्त लहान सुटे भाग घ्यावेत, तेही पावती घेऊन. भावात घासाघीस चालते. पण म्हाताऱ्या कारागिराने दहा मिनिटे खर्चून ‘‘ब्लॉक नक्को, ढक्कन साफ करो’’ असे सांगितले, तर त्या सल्ल्याचे पैसे तो मागत नाही. निदान त्याच्याकडून एक प्लग तरी घ्यावा.

कसे जाल?

मुंबई, पुणे व सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस आणि मिरज-बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बंगळूरला जाते. मुख्य स्थानकावरून पर्पल लाईनच्या मेट्रोने कब्बन पार्क किंवा एम. जी. रोडला उतरून रिक्षा करावी. शहरातल्या बऱ्याच बसगाड्या शिवाजीनगर स्थानकापर्यंत जातात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी अनेक दुकाने बंद असतात. 8 सप्टेंबरला बॅसिलिकाचा उत्सव असतो. त्या दिवशी भगव्या वस्त्रांतल्या भाविकांनी रस्ते भरून जातात, तेव्हा जड सामान घेऊन जाणे टाळावे. कुटुंब सोबत असेल तर त्यांनी कमर्शियल स्ट्रीटवर खरेदी करावी आणि गाडीवाल्याने गुजरीत जावे. काळे डाग पडले तरी चालतील असे कपडे घालावेत, आणि परतीच्या गाडीला निदान तीन तास शिल्लक ठेवावेत.