आर. ए. बी. म्हणजे कोण?

काही कोडी उत्तर कळल्यावरही मनातून जात नाहीत. माझ्या मनात रुतून बसलेलं असं एक कोडं तीन अक्षरांचं आहे : आर. ए. बी. हॅरी पॉटरच्या वाचकांना एवढ्यावरच कळलं असेल मी कशाबद्दल बोलतोय. बाकीच्यांसाठी थोडं मागे जाऊन सांगतो. ज्यांना ही पुस्तकं अजून वाचायची आहेत त्यांना मात्र आधीच सांगून ठेवतो, पुढे सगळं रहस्य उघडं केलेलं आहे.

१६ जुलै २००५ ला मालिकेचा सहावा भाग आला, ‘हाफ ब्लड प्रिन्स’. त्याच्या शेवटाकडे हॅरी आणि डंबलडोर समुद्रकाठच्या एका गुहेत जातात. दुष्ट जादूगार वोल्डेमॉर्टनं आपल्या आत्म्याचे तुकडे करून वेगवेगळ्या वस्तूंत दडवलेले असतात, म्हणजे त्याला मरण येणार नाही. त्यातली एक वस्तू, एक लॉकेट, त्या गुहेत असते. ते मिळवण्यासाठी म्हातारे डंबलडोर भांडंभर जहरी काढा पितात. त्याच रात्री त्यांचा खून होतो. आणि मग हॅरी लॉकेट उघडून बघतो तर ते नकली! आत एक चिठ्ठी. कुणीतरी कितीतरी वर्षं आधीच खरं लॉकेट पळवलेलं आहे. वोल्डेमॉर्टला उद्देशून त्यानं लिहिलंय की तुझ्या हाती ही चिठ्ठी पडेल तेव्हा मी जिवंत नसेन, पण तुझं गुपित मला कळलं होतं. खाली सही : आर. ए. बी.

पुढचा भाग यायला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत जगभरच्या वाचकांनी या तीन अक्षरांचा जो कीस पाडला त्याला तोड नाही. मी तेव्हा मिरजेत कॉलेजात होतो. एका मित्राकडून आणलेलं पुस्तक आधी आपानं वाचलं, मग मी, मग परत आपानं. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी लोकांचे तर्क वाचून यायचो आणि रात्री जेवताना आपाला सांगायचो. ब अक्षरानं सुरू होणारं आडनाव असलेलं प्रत्येक पात्र तेव्हा संशयित होतं.

सगळ्यात वजनदार नाव होतं रेग्युलस ब्लॅक, म्हणजे हॅरीचा लाडका धर्मपिता सिरियस ब्लॅक याचा धाकटा भाऊ. पाचव्या भागात सिरियस त्याच्याबद्दल दोन-चार वाक्यंच बोलतो आणि ती तुच्छतेनं बोलतो. हा वोल्डेमॉर्टच्या टोळीत गेला, मग घाबरून बाहेर पडायला बघत होता, मारला गेला. विषय संपला. सहाव्या भागात त्याचा पुन्हा ओझरता उल्लेख येतो, टोळी सोडल्यावर तो काही दिवसच जगला म्हणून. मधल्या ‘ए’चा मात्र पत्ता नव्हता. मामाचं नाव अल्फार्ड, म्हणून काहीजण अल्फार्ड धरून चालले होते.

शिवाय पाचव्या भागात ब्लॅक घराण्याच्या जुन्या वाड्याची साफसफाई चाललेली असताना एका वाक्यात एक जड लॉकेट येऊन जातं, कुणालाच न उघडणारं. आमच्या घरी ते वाक्य आपानं शोधून काढलं. पुस्तक माझ्यासमोर आपटून म्हणाली, “बघ, घरातच होतं!” तिला अभ्यासाला एवढं बसलेलं अम्मीनं कधी पाहिलं नव्हतं.

मग एक गंमत झाली. लेखिकेनं जपून ठेवलेलं गुपित भाषांतरांनी फोडलं. काही भाषांत या मालिकेतल्या आडनावांचंही भाषांतर करायची पद्धत होती. डच भाषेत ब्लॅक कुटुंब ‘झ्वार्ट्स’ झालं होतं, नॉर्वेजियनमध्ये ‘स्वार्ट’ आणि फिनिशमध्ये ‘मुस्टा’. तिन्हींचं मूळ काळ्या रंगातच. आता सहाव्या भागाच्या चिठ्ठीखाली या भाषांतरकारांना सही तर करावीच लागणार. डचमध्ये ती झाली आर. ए. झेड., नॉर्वेजियनमध्ये आर. ए. एस., फिनिशमध्ये आर. ए. एम. संपलं! तिन्ही भाषांत शेवटचं अक्षर बदललं आणि तेही नेमकं ब्लॅक आडनावाप्रमाणे. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, आपल्या कुणी मराठी भाषांतरकारानं असंच केलं असतं तर? सिरियस काळे, रेग्युलस काळे, आणि चिठ्ठीखाली सही ‘आर. ए. के.’ आपा दोन दिवस हसत होती.

तर नाव असं लवकर सापडलं होतं. पण नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला का?

आद्याक्षरं ही चीजच मजेदार आहे. खुद्द लेखिकेचं बघा. तिचं नाव जोआन रोलिंग, मधलं नाव नव्हतंच. मुलगे बाईनं लिहिलेलं पुस्तक हातात घेणार नाहीत या भीतीनं प्रकाशकानं तिला आद्याक्षरं वापरायला सांगितली. तिनं आजीच्या कॅथलीन या नावातलं ‘के’ उसनं घेतलं आणि ती जे. के. रोलिंग झाली. नाव लपवल्यावर लोक पुस्तक उघडतात, हे प्रकाशकाला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या अब्बांनाही ते ठाऊक असावं. दारावरच्या पाटीवर त्यांनी ‘आर. ए. पाटील’ एवढंच लिहून घेतलं होतं. नवे शेजारी, विमा एजंट, मतदारयादीवाले पाटी वाचून आपापला तर्क बांधायचे. वडिलांचा आर रमेशचा नव्हता आणि ए अनंतचा नव्हता, पण दार उघडेपर्यंत तो असायचा. पाटीलकी हे गावचं वतन होतं. ज्यांच्याकडे ते काम होतं त्यांना ते आडनाव चिकटलं, मग तो कुणी का असेना. पश्चिम महाराष्ट्रात मुसलमान पाटील, देशमुख, इनामदार हवे तेवढे मिळतील. तरी आम्हाला भेटणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला हे कोडंच वाटतं.

नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा खोली शोधताना हे फार जवळून कळलं. फोनवर आडनाव सांगितलं की पलीकडून आवाज खुलायचा. कुठले पाटील? सांगलीकडचे का? या की संध्याकाळी. संध्याकाळी दारात पूर्ण नाव सांगितलं की घरमालकांना नेमकं आठवायचं की खोली भाच्यासाठी ठेवायचीय. भाच्याबद्दल तक्रार नाही. भाचे येतातच. पण एकाच आठवड्यात चार घरी भाचे आले तेव्हा मला आर. ए. बी.ची फार आठवण आली.

हे फक्त एका बाजूनं होतं असंही नाही. एका लग्नात आमच्यातल्याच एका बुजुर्गांनी माझं आडनाव ऐकून हळूच विचारलं, “कितनी पुश्तों से मुसलमान हो?” मराठीत लिहितो म्हटल्यावर त्यांचा तर्क आणखी पक्का झाला. उर्दू येत नसेल बिचाऱ्याला! त्यांच्यापुढेही मी तीन अक्षरांची सहीच होतो.

पण हे लोक आणि ते पुस्तकांचे वाचक यांच्यात एक फरक आहे. वाचकांचे तर्क रोज मोडायचे आणि रोज नव्यानं बांधले जायचे. कुणी काही दावा केला की लगेच मागणी, पान दाखव. रेग्युलसच्या विरोधातला मुद्दाही कुणी लपवत नव्हतं : वोल्डेमॉर्टला भिऊन पळालेला पोरगा त्याच्याच गुहेत कशाला शिरेल? प्रश्न खरा होता आणि तो उघडा ठेवला गेला. माणसांबद्दल तर्क करताना आपण पान दाखव म्हणत नाही. एकदा नाव ऐकलं की पुस्तक मिटतं.

त्या उघड्या ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर २१ जुलै २००७ ला मिळालं, सातव्या भागात. रेग्युलसच्या खोलीच्या दारावर त्याचं पूर्ण नाव असतं, रेग्युलस आर्क्टुरस ब्लॅक. ‘ए’ अल्फार्डचा नव्हता, आर्क्टुरसचा होता. तर्क खरा ठरला, आपानं मला फोनवर ऐकवून घेतलं. पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते आणि ती सांगतो क्रीचर.

क्रीचर हा त्या घरातला एल्फ, म्हणजे पिढीजात गुलाम. चिंध्या गुंडाळलेला, पुटपुटत शिव्या देणारा, कुणालाही नकोसा. वोल्डेमॉर्टला एकदा एल्फ हवा होता म्हणून रेग्युलसनं क्रीचरला दिला, काम झालं की घरी परत ये असं सांगून. गुहेतला काढा किती जहरी आहे हे वोल्डेमॉर्टनं क्रीचरला पाजून बघितलं आणि त्याला तिथेच मरायला टाकलं. मालकाचा हुकूम घरी येण्याचा होता म्हणून क्रीचर घरी आला. त्यानं सगळं सांगितलं. वंशाच्या अभिमानानं सोळाव्या वर्षी टोळीत गेलेला तो पोरगा एका गुलामाच्या हालांमुळे फिरला. काही दिवसांनी तो क्रीचरला घेऊन गुहेत गेला. या वेळी काढा त्यानं क्रीचरला पाजला नाही, स्वतः प्यायला. लॉकेट बदल, खरं नष्ट कर, घरच्यांना काही सांगू नकोस, एवढा हुकूम देऊन तो तिथेच पाण्याखाली गेला.

सिरियस त्याच घरात महिनोन्महिने राहिला. ते लॉकेट त्याच्या डोळ्यांसमोर कचऱ्यात गेलं. सिरियस वाईट माणूस नव्हता, अन्यायाविरुद्ध लढणारा होता. पण भावाबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं आणि क्रीचर त्याच्या लेखी घाण होती. भाऊ भेकड होता असं समजूनच तो मेला. पूर्ण मालिकेत मला याहून जास्त टोचणारं काही नाही.

क्रीचरला घरच्यांशी बोलायची बंदी होती. त्याला बाहेरच्यानं विचारावं लागलं. हॅरीनंही आधी हुकूमच केला, पण मग तो बसून ऐकत राहिला. सगळं ऐकल्यावर ते नकली लॉकेट, रेग्युलसची एकुलती एक आठवण, त्यानं क्रीचरला देऊन टाकलं. क्रीचर जमिनीवर लोळून रडला. त्यानंतर त्या घराचं स्वयंपाकघर चकचकीत झालं, टेबलावर कांद्याचं गरम सूप आलं. शेवटच्या लढाईत हाच क्रीचर इतर एल्फांना घेऊन रेग्युलसचं नाव घेत पुढे धावतो, आणि ते लॉकेट त्याच्या गळ्यात उड्या मारत असतं.